शांती कोणाला? देवदूतांचा संदेश आणि मराठी भाषांतराची चार शतके

बेंगळूरु हे नगर मराठी ग्रंथव्यवहाराचे केंद्र म्हणून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीमुळे तेथे काही काळ मराठी दरबार नांदला आणि जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ने त्या दरबाराची स्मृती जपून ठेवली, एवढाच त्या नगराचा मराठी वाङ्मयाशी असलेला संबंध सामान्यतः सांगितला जातो. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला बेंगळूरुकडे आणखी एका कारणाने पाहावे लागते. मराठी बायबल प्रसिद्ध करणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मध्यवर्ती कार्यालय याच नगरात महात्मा गांधी मार्गावर आहे. आणि फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नेल्सन फलकाव यांनी सिद्ध केलेले गद्यरूपांतर २००९ मध्ये येथीलच क्रिस्तु ज्योती प्रकाशनाने प्रसिद्ध केले. एक ग्रंथ प्रॉटेस्टंट भाषांतरपरंपरेचा वारस, तर दुसरा गोव्यातील जेझुइटांच्या पुराणरचनेचा. बेथलेहेमच्या शिवारात मेंढपाळांना देवदूतांनी दिलेला निरोप दोहोंत आहे. पण तो निरोप ज्या दोन मूलपाठांतून मराठीत उतरला, ते पाठ एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत.

हा भेद शैलीचा असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. ओवी आणि गद्य यांच्या वळणांत अंतर असणारच. येथे प्रश्न अर्थाचा आहे, आणि तो अगदी थोडक्यात मांडता येतो. देवदूत पृथ्वीवर शांतीची घोषणा करतात. ती शांती कोणाला मिळणार आहे? सर्व मनुष्यांना, सदिच्छा बाळगणाऱ्या मनुष्यांना, की ज्यांच्यावर देव प्रसन्न झाला आहे अशा मनुष्यांना? ख्रिस्ती जगाने या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी ही तिन्ही उत्तरे दिली आहेत. गेल्या चार शतकांत ही तिन्ही उत्तरे मराठीच्या दारी येऊन गेली, आणि ती प्रत्येक वेळी कोणत्या हातांनी आली याचा इतिहास त्या संदेशाच्या अर्थापासून वेगळा काढता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग समजून घेण्यासाठी प्रथम त्याची चौकट पाहिली पाहिजे. लूक आपल्या कथेला आरंभ करतो तो सम्राट ऑगस्टसच्या शिरगणतीच्या फर्मानाने. हा उल्लेख केवळ कालनिर्देशासाठी आलेला नाही. त्या काळी रोमन साम्राज्यात शांती या शब्दावर सम्राटाची मुद्रा उमटलेली होती. इसवी सनापूर्वी ९ या वर्षी रोममध्ये ऑगस्टसच्या शांतीची वेदी समर्पित झाली, आणि तिच्यासाठी निवडलेली जागा होती युद्धदेवता मार्स हिच्या नावाचे मैदान. त्याच सुमारास आशिया प्रांतातील नगरांनी सम्राटाच्या जन्मदिनापासून नवे वर्ष मोजण्याचा ठराव केला. आजच्या तुर्कस्तानातील प्रियेने येथे सापडलेल्या शिलालेखात तो ठराव कोरलेला आहे. त्यात ऑगस्टसला ‘तारणारा’ म्हटले आहे, आणि त्याचा जन्म हा जगासाठी शुभवर्तमानाचा आरंभ होय असे घोषित केले आहे. १८९९ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आला तेव्हापासून लूकच्या शब्दयोजनेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. जन्म, शुभवर्तमान, तारणारा, प्रभू आणि शांती हे सर्व शब्द देवदूतांच्या मुखी आहेत, आणि हे सर्वच शब्द राजशासनाच्या परिभाषेत आधीपासून रूढ होते. लूकने ते सम्राटाच्या मुखातून काढून घेतले आणि गोठ्यातील एका बालकाच्या नावे केले.

याच दृष्टीने त्या निरोपाच्या पुढील तीन गोष्टी ध्यानात येतात. निरोपाचा आरंभ अभयदानाने होतो. भय दूर झाल्यावाचून आनंदवार्ता ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट खुणेची. मेंढपाळांना दिलेली खूण राजचिन्हाची वा पराक्रमाची नाही. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले मूल, एवढीच ती खूण होय. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. निरोप सांगणाऱ्या दूताभोवती जो समुदाय प्रकट होतो त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये योजलेला शब्द सैन्याचा वाचक आहे. रोमन पलटणींच्या टापांखाली वावरणाऱ्या श्रोत्यांना सैन्य आणि शांती यांचा संबंध चांगला ठाऊक होता: आधी सैन्य येई, मग शांती जाहीर होई. लूकच्या कथेतील सैन्य मात्र गाते आणि निघून जाते. ते कोणाला जिंकत नाही, कोणाकडून खंडणी घेत नाही.

मराठी श्रोत्याला या प्रसंगाची तुलना करण्यासाठी दूर जावे लागत नाही. भागवताच्या दशमस्कंधातही एका जन्माची पूर्ववार्ता आकाशातून येते. परंतु ती आकाशवाणी कंसाच्या कानी पडते आणि तिच्यापासून भय, कारावास व बालहत्या यांची मालिका सुरू होते. बेथलेहेमची वार्ता राजाला न मिळता रानात रात्र जागविणाऱ्यांना मिळते. भारतीय परंपरेतील शांतीच्या दौत्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कृष्णशिष्टाई. तेथे दूत दोन पक्षांमध्ये उभा राहतो, अटी मांडतो, पाच गावांवर तडजोड करू पाहतो आणि अखेर रिकाम्या हाती परततो. बेथलेहेमच्या दूतांच्या निरोपात अटींची देवघेव नाही. म्हणूनच ती शांती कोणासाठी, हा प्रश्न तीव्र होतो; कारण अट नसलेल्या दानाला मर्यादा असेल तर ती कोणी व कशी घातली, हे विचारावेच लागते.

या प्रश्नाची मुळे ग्रीक पाठातील एका अक्षरात आहेत. घोषगीताच्या अखेरीस ‘यूदोकिया’ हा शब्द येतो. प्रसन्नता, संतोष, अनुग्रहाची इच्छा अशा छटा त्यात आहेत. काही हस्तलिखितांत तो प्रथमा विभक्तीत आहे, तर काहींत शेवटी एक ‘स’ लागून तो षष्ठी झाला आहे. पहिला पाठ घेतला तर गीताची तीन अंगे होतात: देवाला गौरव, पृथ्वीवर शांती, मनुष्यांविषयी प्रसन्नता. दुसरा घेतला तर अंगे दोनच उरतात आणि शांतीचे अधिकारी ‘प्रसन्नतेची माणसे’ असे ठरतात. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही विख्यात हस्तलिखितांत मूळ लेखकाने ‘स’ लिहिला होता आणि पुढे तो काढून टाकण्यात आला. एका अक्षराच्या या फेरफारात दोन निराळ्या श्रद्धाभूमिका दडलेल्या आहेत.

लॅटिन परंपरेने षष्ठीचा पाठ स्वीकारला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या शुभवर्तमानांत शांतीचे अधिकारी ‘सदिच्छेची माणसे’ आहेत. ही सदिच्छा कोणाची, हे लॅटिन शब्दरचना स्पष्ट करीत नाही. मूळ शब्द देवाच्या प्रसन्नतेकडे निर्देश करतो. पण शतकानुशतके मासविधीत हे गीत ऐकणाऱ्या पश्चिमेकडील श्रोत्यांनी त्याचा अर्थ माणसाच्या अंगच्या सदिच्छेशी जोडला. त्यामुळे शांती ही सद्भावनेचे फळ झाली. सोळाव्या शतकात इरॅस्मसने १५१६ मध्ये छापलेल्या ग्रीक पाठात मात्र ‘स’ नव्हता. त्या परंपरेतील पाठावरून १६११ चे इंग्रजी बायबल तयार झाले आणि मनुष्यमात्राविषयीची सदिच्छा हा तिसरा चरण इंग्रजी भाषकांच्या नाताळाचा प्राण बनला. पुढे १८८१ च्या इंग्रजी संशोधित आवृत्तीने जुन्या हस्तलिखितांच्या आधारे षष्ठीचा पाठ पुन्हा प्रस्थापित केला आणि ज्यांच्यावर देव प्रसन्न आहे अशा माणसांमध्ये शांती, असा अर्थ पुढे आला.

या तीन अर्थांपैकी पहिला मराठीच्या प्रांतात आला तो गोव्यातून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास पोचला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे आयुष्य मुख्यतः साष्टी प्रांतात गेले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये लॅटिन बायबलाला अधिकृत पाठ म्हणून मान्यता दिली होती. जेझुइट धर्मगुरूच्या नित्य मासविधीतही देवदूतांचे गीत याच पाठाने गायिले जाई. साहजिकच स्टीफन्सने मराठी ओवी हाती घेतली तेव्हा त्याच्या कानी बसलेला संदेश सदिच्छेच्या माणसांना शांती देणारा होता. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त १०,९६२ ओव्या आहेत. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला हा छंद त्याच्या समकालीन एकनाथांनी नुकताच नव्याने समृद्ध केला होता. स्टीफन्सने केवळ छंद उचलला नाही, तर त्याबरोबर कल्पनासृष्टीही उचलली. त्याचे देवदूत ज्या लोकातून येतात त्याचे नाव वैकुंठ आहे. बेथलेहेमची रात्र अशा रीतीने मराठी पुराणश्रवणाच्या मंडपात आली.

तो मंडप कोणत्या भूमीवर उभा होता हेही सांगितले पाहिजे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली व जाळली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी रुडॉल्फ आक्वाविवा व त्याचे चार जेझुइट सहकारी यांना ठार केले. हा आक्वाविवा अकबराच्या दरबारी राहून नुकताच परतला होता. पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला. बोलणी करण्यासाठी असोळणे येथे बोलावलेल्या गावच्या प्रमुखांना त्यांनी मारले. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने आपल्या भावाला गोव्याहून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भारतीय भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य टिपणारे म्हणून ते पत्र भाषाभ्यासकांना परिचित आहे. सहकाऱ्यांच्या हत्येचे आणि राजसत्तेच्या सूडाचे ते वर्ष होते. पुढे तीन दशकांनी ज्या लोकांसाठी त्याने पुराण रचले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी त्या वर्षाची आठवण जिवंत असणार.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी ग्रंथरचनेचे कारण सांगितले आहे. जुनी पुराणे बंद झाली, मग त्यांच्या जागी तशाच स्वरूपाचे काही ऐकावयास द्या, अशी मागणी एक ब्राह्मण ख्रिस्ती श्रोता करतो. या मागणीत नम्रता आहे. तशीच एक मुकी तक्रारही आहे. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या तिच्याच आश्रयाने नवी पोथी येत होती. अशा परिस्थितीत सदिच्छेच्या माणसांना शांती, या वचनाचा अर्थ सत्तेच्या सोयीने लावणे फार सोपे असते: जे वश झाले ते सदिच्छेचे आणि जे झाले नाहीत ते शांतीला अपात्र. ऑगस्टसची शांतीदेखील याच रीतीने वाटली जात होती. स्टीफन्सच्या काव्याचे मोठेपण असे, की ते या सोयीच्या अर्थापाशी थांबत नाही. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आणि श्रोत्यांच्या रसवृत्तीवर त्याने टाकलेला विश्वास यांतून जो आदर प्रकट होतो, तो जिंकलेल्यांविषयी जेत्याला वाटणाऱ्या दयेहून वेगळा आहे. तरीही काव्याचा आदर आणि राज्याची नीती या दोन निराळ्या गोष्टी होत्या. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषांचा वापर बंद पाडण्याचे फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ जगला तो हस्तलिखित नकलांतून, म्हणजे वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या कुटुंबांच्या आस्थेमुळे. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या पुण्यातील आवृत्तीने तो देवनागरीत मराठी वाचकांच्या हाती आला.

दुसरा अर्थ मराठीत आला तो बंगालच्या वाटेने. सिरामपूर येथे विल्यम केरी यांनी फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथशर्मा यांच्या साह्याने मराठी भाषांतराचे काम केले आणि १८११ मध्ये तेथून मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. १८१३ मध्ये मुंबईत पोचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले स्वतंत्र भाषांतर १८२६ मध्ये पूर्ण केले. या पिढीच्या मनावर १६११ च्या इंग्रजी बायबलाचा आणि त्यामागील प्रचलित ग्रीक पाठाचा संस्कार होता. त्यांच्या नाताळाच्या कल्पनेत मनुष्यमात्राविषयीच्या सदिच्छेला मध्यवर्ती स्थान होते. येथे अट गळून पडते. शांती आणि सदिच्छा यांचा वर्षाव सर्वांवर होतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी सुधारणावादाला हा विश्वव्यापी सूर जवळचा वाटावा हे स्वाभाविक होते. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी यांच्यासारख्या लेखकांच्या हातून ख्रिस्ती विचार आणि विधवा, स्त्रिया व दुर्बल यांच्याविषयीची कणव एकाच गद्यात नांदू लागली. परंतु या अर्थालाही एक धोका आहे. सर्वांविषयी सदिच्छा, हे वचन शुभेच्छापत्रावर छापण्याइतके गुळगुळीत होऊ शकते. ज्या शांतीला कोणीच विरोध करीत नाही, ती शांती पुष्कळदा कोणाचे काही बदलतही नाही. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यातील नाताळ साजरा करणाऱ्या अंमलदारालाही ती घोषणा निःशंकपणे गाता येत होती.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाई यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानी येते. संस्कृत विद्येत ज्यांनी कीर्ती मिळविली होती अशा रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात केडगाव येथे हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा अभ्यासून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या या कामात मग्न होत्या. १९२४ मध्ये हे बायबल मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते जुळविणारे, छापणारे आणि बांधणारे हात दुष्काळातून व वैधव्यातून वाचलेल्या मुलींचे व स्त्रियांचे होते. देवदूतांचा निरोप मेंढपाळांना प्रथम मिळाला, या गोष्टीचा अर्थ येथे भाषांतरकाराने आपल्या वाचकाच्या निवडीतूनच सांगितला आहे.

रमाबाईंनी जे शब्द दूर ठेवले, तेच शब्द नारायण वामन टिळकांनी जवळ केले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी वारकरी संतांचा, विशेषतः तुकारामांचा, वारसा कधी सोडला नाही. अभंग, कीर्तन आणि ओवी यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गायिली. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून १९१९ मध्ये अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ते पूर्णत्वास नेले. रमाबाई आणि टिळक यांच्या भूमिकांतील हा विरोध मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत फलदायी विरोध होय. परंपरेचे शब्द घेतले तर अर्थाबरोबर जुने संकेतही येतात. ते टाळले तर अर्थ स्वच्छ राहतो, पण मनाच्या तळाशी असलेल्या स्मृती मुक्या राहतात. देवदूतांच्या संदेशातील कळीच्या शब्दाला हा पेच नेमका लागू पडतो.

‘यूदोकिया’चे मराठी रूप शोधताना ‘सदिच्छा’ हा शब्द अपुरा पडतो, कारण तो सहजच माणसाकडे वळतो. ‘संतोष’ हा शब्द देवाकडे राहतो. परंतु त्याला कृतीचे अंग नाही. या दोन्ही उणिवा भरून काढणारा शब्द मराठीच्या भक्तिपरंपरेत आहे, तो म्हणजे ‘प्रसाद’. प्रसाद म्हणजे देवाची प्रसन्नता, आणि त्या प्रसन्नतेतून हाती येणारे दानही. मनाची अवस्था आणि देण्याची क्रिया या दोहोंना हा एक शब्द कवेत घेतो. प्रसाद हा मोबदला नसतो. तो मागून, हात पुढे करून घ्यावयाचा असतो. तो घेणाऱ्याची पात्रता त्याच्या घेण्यातच सामावलेली असते. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी आपल्या वाग्यज्ञाच्या अखेरीस जे मागितले त्याचे नावच ‘पसायदान’, म्हणजे प्रसादाचे दान. त्या मागण्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांचे वाकडेपण सरावे आणि प्राणिमात्रांत मैत्री नांदावी असे मागितले आहे. सज्जन आणि दुर्जन अशी वाटणी करून शांती न वाटण्याचा विचार मराठी मनाला या प्रार्थनेने शिकविलेला होता. देवदूतांचे गीत वरून खाली येते आणि पसायदान खालून वर जाते; तरी प्रसन्नता आणि दान यांचा सांधा दोहोंत एकच आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. प्रसाद ज्यांच्यावर झाला त्यांनाच शांती असेल, तर ती निवडक लोकांची शांती झाली नाही काय? या आक्षेपाला बळ देणारा पुरावा विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आला. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठी कुम्रान येथे सापडत गेलेल्या हिब्रू स्तोत्रांत देवाच्या ‘प्रसन्नतेची लेकरे’ अशा अर्थाचा प्रयोग आढळला, आणि षष्ठीचा ग्रीक पाठ हा अस्सल यहुदी वळणाचा आहे हे १९५० नंतरच्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिले. पण कुम्रानच्या लोकांच्या लेखी ही लेकरे म्हणजे जगापासून वेगळा झालेला त्यांचा शुद्ध संघच होता. तेव्हा तोच शब्दप्रयोग लूकनेही त्याच संकुचित अर्थाने केला असे मानावे काय?

याचे उत्तर शब्दकोशात शोधून मिळणार नाही. ते कथेच्या क्रमात आहे. एकटा दूत जी वार्ता प्रथम सांगतो ती समस्त जनांच्या आनंदाची आहे, असे लूक स्पष्ट म्हणतो. घोषगीत त्यानंतर येते. पुढे मंदिरात बालकाला हाती घेणारा वृद्ध शिमोन तो प्रकाश इतर राष्ट्रांपर्यंत नेतो. प्रसन्नतेच्या माणसांचा उल्लेख या दोन उद्गारांच्या मध्ये आहे, म्हणून त्याचा अर्थही या दोहोंच्या उजेडातच लावला पाहिजे. शिवाय हे गीत कोणासमोर गायिले गेले? शुद्धीचे नियम कसोशीने पाळणाऱ्या संघासमोर नव्हे. रानात गुरांच्या संगतीत राहणाऱ्यांसमोर. कुम्रानमध्ये ज्या शब्दाने दार लावून घेतले, तोच शब्द लूकने दाराबाहेरच्या माणसांना उद्देशून उच्चारला. निवड येथे आहे. परंतु ती वगळण्यासाठी केलेली नसून जे आधीच वगळले गेले होते त्यांच्यापासून आरंभ करण्यासाठी केलेली आहे.

मराठी शब्दाचीही हीच कसोटी घेतली पाहिजे. प्रसाद हा शब्द कितीही उदार असला, तरी प्रसाद वाटणाऱ्या देवळाला दार होते आणि ते सर्वांना उघडे नव्हते. चोखामेळ्याला पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहावे लागले, आणि तेथेच त्याची समाधी झाली. ते दार उघडण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ख्रिस्ती समाजही या दोषातून मुक्त नव्हता. जातीच्या भिंती भारतातील कित्येक चर्चांच्या बाकांपर्यंत पोचल्या. तेव्हा ‘प्रसाद’ हा शब्द ख्रिस्ती संदेशाला केवळ भूषण म्हणून अर्पण करून भागत नाही. संदेश त्या शब्दाला प्रश्न विचारतो: तुझा प्रसाद दाराबाहेर पोचतो काय? आणि शब्दही संदेशाला प्रश्न विचारतो: तुझी शांती देणगी आहे, की वश होण्याचे बक्षीस? खऱ्या भाषांतरात दोन भाषा एकमेकींची अशी परीक्षा घेतात. एका भाषेतील अर्थ दुसरीत ओतला आणि काम संपले, असे तेथे होत नाही.

बेंगळूरु येथे या परीक्षेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थात्मक रूप मिळाले, ही गोष्ट या इतिहासाच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांतील उपासनेस वाट मोकळी केल्यावर १९६७ मध्ये डी. एस. अमलोरपवदास यांच्या पुढाकाराने तेथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र स्थापन झाले. आरती, अंजली, दीप अशा भारतीय उपचारांना उपासनेत स्थान असावे की नसावे, यावर तेथून देशभर चर्चा झाली आणि तीव्र विरोधही झाला. साष्टीतील श्रोत्याने मागितलेली गोष्टच साडेतीनशे वर्षांनी पुन्हा चर्चेला आली होती. फरक एवढाच की आता मागणाऱ्याच्या पाठीमागे राज्यसत्तेचा दंड नव्हता. मराठीत हीच प्रक्रिया वसईच्या फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या २०१० मधील ‘सुबोध बायबल’पर्यंत येऊन पोचली. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी पाठाने १८८१ च्या संशोधनाला अनुसरून देवाच्या प्रसन्नतेचा अर्थ स्वीकारला आहे. आणि फलकावांच्या गद्यरूपांतरामुळे जुन्या ओवीची वाट आजच्या वाचकाला सुगम झाली आहे.

या चार शतकांचा हिशेब मांडला तर असे दिसते, की पाठभेदाने निर्माण केलेले तीन अर्थ एकमेकांना खोडून काढीत नाहीत. ते एकमेकांची उणीव दाखवितात. सदिच्छेची अट शांतीला गांभीर्य देते, परंतु सत्तेच्या हाती पडली की ती पात्रतेचा दाखला मागू लागते. सर्वांविषयीची सदिच्छा ती अट काढून टाकते, परंतु सहजपणे पोकळ होते. देवाच्या प्रसन्नतेचा पाठ हस्तलिखितांच्या आणि यहुदी वळणाच्या कसोटीला सर्वांत अधिक उतरतो. पण तोही मेंढपाळांना विसरून वाचला, तर निवडलेल्यांचा गर्व होऊन बसतो. शांती कोणाला, या प्रश्नाचे उत्तर लूकने व्याकरणावर सोपविले नाही. निरोप कोणाच्या कानी प्रथम पडला, हे सांगून त्याने ते दिले आहे. सम्राटाने ज्यांना शिरगणतीत मोजले, त्यांना देवदूतांनी संबोधिले. शांती देऊ करणाऱ्या कोणत्याही राज्याची, धर्माची वा भाषांतराची पारख याच निकषावर करता येते: त्याने माणसांना मोजले, की संबोधिले.